टर्बो गाडीच्या व्हॅक्यूम नळ्या: जळगावातील एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

माझ्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल सेडानचा मूळ ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) काढून त्या जागी बाहेरून मागवलेला, लॅपटॉपवरून ट्यून करता येणारा ईसीयू बसवून आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत गाडी सलग आठवडाभर बरी चालली असे एकदाही घडले नव्हते. आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, नऊशे आणि दीड हजार आरपीएमच्या दरम्यान वर-खाली होत राहायचे, दुपारी इंजिन चांगले तापले की ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळायची, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, कधी ठरलेल्या मर्यादेत थांबायचे तर कधी ती ओलांडून जायचे. ट्यूनिंग करणाऱ्याने तीन वेळा मॅप, म्हणजे ईसीयूतले हिशेबाचे तक्ते, बदलून दिले. प्रत्येक वेळी लक्षणे थोडी इकडची तिकडे झाली, गेली मात्र नाहीत. शेवटी अमळनेरच्या एका मित्राच्या सांगण्यावरून गाडी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका गॅरेजमध्ये नेली. पुढील परीक्षण त्या गॅरेजने केलेल्या एकाच कामाचे, म्हणजे व्हॅक्यूमच्या आणि बूस्टच्या नळ्या नव्याने टाकण्याच्या कामाचे आहे. इंजिनाला किंवा वायरिंगला त्यांनी हात लावलेला नाही, म्हणून त्याविषयी माझे काही मत नाही.

गॅरेजला पाटी नाही. तेथे मुख्यतः डिझेल पिकअप आणि ट्रक यांचे टर्बो उघडले जातात; पेट्रोल टर्बोचे काम क्वचितच येते. मिस्तरींना सगळे नाना म्हणतात, त्यामुळे मीही तेच म्हणेन. नानांनी पहिल्या दिवशी मला लॅपटॉप पिशवीतून काढूही दिला नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या भागाच्या) एकाच निपलवरून निघून तीन टींमधून (तीन तोंडांच्या जोडांमधून) चार दिशांना गेलेले नळ्यांचे जाळे ते बॅटरीच्या उजेडात बोटांनी चाचपत गेले, एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "हाई ठिबकनी नळी आठे कोनी लाई भो?"

नळी खरोखरच ठिबकची होती. केळीच्या बागेत लॅटरलपासून खोडापर्यंत पाणी नेणारी ती काळी मायक्रोट्यूब आमच्या भागात कुठल्याही कृषी केंद्रात मिळते, स्वस्त असते आणि बारीक निपलवर घट्ट बसते. त्यामुळे पहिल्या फिटरला मोह झाला असेल तर त्यात नवल नाही. शेतात ती वर्षानुवर्षे उन्हात पडून टिकते. मात्र ती कमी घनतेच्या पॉलिथिनची असते, सिलिंडर हेडला खेटून गेल्यावर मऊ पडते, आणि आतून व्हॅक्यूमची ओढ असेल तर वळणावर चपटी होते. माझ्या गाडीत ती बरोबर त्याच नळीच्या जागी होती जिच्यावर नव्या ईसीयूचे सगळे गणित उभे असते. दुपारीच गाडी का अडखळते, या प्रश्नाचे उत्तर तीन मॅपमध्ये नव्हे, त्या एका चपट्या वळणात होते.

येथे थोडे मागे जाऊन सांगणे आवश्यक आहे. माझ्या गाडीचा मूळ ईसीयू आत येणारी हवा एअर फिल्टरजवळच्या मास एअरफ्लो सेन्सरने मोजत असे. नव्या ईसीयूच्या मांडणीत तो सेन्सर काढून टाकला जातो, आणि मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब, हवेचे तापमान व इंजिनाचा वेग यांवरून हवेचे वजन काढले जाते. दाब मोजणारा मॅप सेन्सर (हा 'मॅप' ट्यूनिंगचा नव्हे, 'मॅनिफोल्ड ॲब्सोल्यूट प्रेशर'चे लघुरूप) माझ्या ईसीयूत मुख्य सर्किट बोर्डवरच आहे. मेगास्क्वर्ट या ट्यून करता येणाऱ्या ईसीयूच्या जुन्या पिढ्यांत असते तशीच ही रचना आहे, आणि त्यामुळे विजेच्या तारेऐवजी प्रत्यक्ष हवेची नळीच फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) केबिनमध्ये, डॅशबोर्डखालच्या डबीपर्यंत न्यावी लागते. इंजिन सुरू नसताना जळगावात हा सेन्सर साधारण ९८ किलोपास्कल दाखवतो, कारण शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे. आयडलला आकडा पस्तीस-चाळीसपर्यंत उतरतो आणि एक बार बूस्टला दोनशेच्या जवळ जातो. सेन्सरची मर्यादा २५० किलोपास्कल आहे, म्हणजे दीड बारपर्यंत बूस्ट मोजता येतो. हा आकडा उशिरा पोहोचला किंवा वाटेत डळमळला, तर इंजेक्टर किती वेळ उघडायचा याचा निर्णय चुकतो, आणि मग लॅपटॉपवर कितीही कौशल्य खर्च केले तरी उपयोग होत नाही.

नानांचा पहिला निर्णय असा की मॅप सेन्सरच्या नळीला कोणीही भागीदार नसेल. त्यांनी थ्रॉटल बॉडीनंतरच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या दारापलीकडच्या) प्लेनमच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या सामाईक पेटीच्या, मध्यावर नवे छिद्र पाडून, आटे मारून पितळी निपल बसवले. एका सिलिंडरच्या रनरवर, म्हणजे त्याला हवा नेणाऱ्या वेगळ्या नळकांड्यावर, ते सोपे पडले असते, पण तेथे त्या एकाच सिलिंडरचे ठोके सेन्सरपर्यंत पोहोचतात. छिद्र पाडण्याआधी त्यांनी मॅनिफोल्ड उतरवले, यासाठी मी त्यांना विशेष गुण देतो. अनेक जण ग्रीस लावलेल्या ड्रिलने ते जागेवरच पाडतात आणि ॲल्युमिनियमचा कीस आत जाणार नाही अशी आशा धरून बसतात. पूर्वी या नळीच्या टींवर फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, बायपास व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्तीचा दाब सोडणारा) आणि बूस्टचा काटा असे तिघे टांगलेले होते. ॲक्सिलरेटर सोडताच बायपास व्हॉल्व्हचा पडदा हलतो, त्या पडद्यामागची हवा त्याच नळीत ये-जा करते, आणि नेमक्या त्याच क्षणी सेन्सर खोटे बोलतो. नानांनी हे मला ठिबकच्याच भाषेत सांगितले: एका लॅटरलवर मोठा व्हॉल्व्ह उघडला की शेवटच्या ड्रिपरखालचे झाड कोरडे राहते. दाब आणि प्रवाह यांचे नाते खानदेशातल्या शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही, हे मला तोपर्यंत सुचले नव्हते.

लांबीविषयी मात्र माझा आणि त्यांचा मतभेद झाला. माझी नळी निपलपासून डबीपर्यंत सुमारे १.२ मीटर होते, आणि एवढी लांबी चालणार नाही असे मी वाचून गेलो होतो. नानांचे म्हणणे पडले की लांबी हा मुख्य शत्रू नाही. हिशेब केल्यावर मला ते पटले: दाबाचा बदल नळीतून ध्वनीच्या वेगाने जातो, म्हणजे एवढ्या अंतराला साडेतीन मिलिसेकंद लागतात, आणि ६००० आरपीएमला इंजिनाची एक फेरी १० मिलिसेकंदांची असते. खरे नुकसान करतात ती जास्त रुंद नळी, मऊ भिंती आणि वाटेतल्या टी. म्हणून त्यांनी ४ मिलिमीटर आतील व्यासाची, जाड भिंतीची नळी वापरली, फायरवॉलच्या पत्र्यात रबरी ग्रोमेट बसवून ती आत घेतली, आणि निपलपासून डबीपर्यंत तिला सतत चढ दिला. चढ देण्याचे कारण साधे आहे. नळीत पेट्रोलची वाफ आणि तेलाचा ओलावा येतोच. वाटेत कुठे पोट पडलेले असले तर तो तेथे साचतो, आणि उतार सेन्सरच्या बाजूला असला तर थेंब सर्किट बोर्डवर जातो. चढ असला की तो आपोआप मॅनिफोल्डमध्ये परत जातो. हे काम डोळ्यांना दिसत नाही आणि बिलातही दिसत नाही, तरी मला संपूर्ण कामात हेच सर्वांत चोख वाटले.

वेस्टगेटच्या, म्हणजे दाब मिळाल्यावर उघडून एक्झॉस्टला टर्बो टाळून वाट देणाऱ्या आणि बूस्ट आवरणाऱ्या दाराच्या, नळ्यांत आधीच्या फिटरने केलेली चूक अधिक धोकादायक होती. वेस्टगेटला दाब मॅनिफोल्डवरून दिला होता. थ्रॉटल अर्धवट उघडे असताना कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपात दाब चढलेला असतो, पण थ्रॉटलपलीकडच्या मॅनिफोल्डमध्ये तो कमी असतो. त्यामुळे वेस्टगेट बंद राहते आणि टर्बो विनाकारण जोरात फिरत राहतो. ही नळी कॉम्प्रेसरच्या तोंडाजवळूनच घ्यायला हवी, आणि आता ती तशी आहे. मध्ये बूस्ट कंट्रोलचा तीन तोंडांचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, येतो. त्याच्या तोंडांवरचे क्रमांक वेगवेगळ्या बनावटींत वेगवेगळ्या अर्थाचे असल्यामुळे नानांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. सोलेनॉइडची पिन काढून त्यांनी एकेका तोंडात फुंकर मारून पाहिली, वीज नसताना कोणती दोन तोंडे एकमेकांना जोडलेली असतात ते शोधले, आणि त्याच दोहोंवर कॉम्प्रेसरची व वेस्टगेटची नळी लावली. याचा अर्थ असा की तार तुटली, फ्यूज उडाला किंवा ईसीयू बंद पडला तर पूर्ण दाब वेस्टगेटकडे जातो आणि बूस्ट स्प्रिंगच्या किमान मर्यादेवर थांबतो. उलट लावले असते तर त्याच बिघाडात बूस्टला धरबंध राहिला नसता. माझ्या गाडीत आठ महिने ते उलटच होते. सोलेनॉइडच्या तिसऱ्या, हवा सोडणाऱ्या तोंडावर त्यांनी लहानसा फिल्टर दिला; कपाशीच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर जी धूळ आणि तंतू उडतात, ते पाहता ही गोष्ट शोभेची नव्हे.

ब्रेक बूस्टरची जाड नळी आणि तिच्यातला वन-वे व्हॉल्व्ह त्यांनी तपासून तसाच ठेवला, आणि तिच्यावर दुसरे काहीही जोडायचे नाही एवढे बजावले. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, क्रँक फिरतो त्या भागाच्या) श्वासाच्या नळीतला वन-वे व्हॉल्व्ह मात्र उलटसुलट दोन्हीकडून हवा सोडत होता, म्हणजे बूस्टचा दाब थेट क्रँककेसमध्ये जात होता, तो बदलला.

तक्रारीची जागा येते ती फ्युएल प्रेशर रेग्युलेटरपाशी. या रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा दाब कळवणारी नळी असते, आणि मॅनिफोल्डमधला दाब जितका वाढतो तितकाच तो पेट्रोलचा दाब वाढवतो, जेणेकरून इंजेक्टरच्या दोन्ही तोंडांमधला फरक कायम ३ बार राहील. एक बार बूस्टला रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब ४ बार हवा. ही नळी निसटली किंवा फाटली तर बूस्ट चढत असताना पेट्रोल कमी पडते, मिश्रण पातळ होते, इंजिन नॉक करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी फुटू लागते, आणि पिस्टन वाचण्याची खात्री देता येत नाही. इतक्या महत्त्वाच्या जागी गॅरेजने निळी सिलिकॉन नळी लावली. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते, सुमारे २०० अंशांपर्यंत तिला काही होत नाही, आणि भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात बॉनेटखाली तिच्याइतकी निर्धास्त नळी नाही. पेट्रोल आणि तेल यांच्याशी मात्र तिचे जमत नाही. त्यांच्या संपर्कात ती फुगते आणि सैल पडते. रेग्युलेटरचा पडदा उद्या झिरपू लागला तर पेट्रोल याच नळीतून येणार. मी हे बोलून दाखवल्यावर धाकट्या फिटरने "सगळीकडे हीच लावतात, साहेब" असे उत्तर दिले, ते मला आवडले नाही. नानांनी ते ऐकून वाद न घालता दुसऱ्या दिवशी पेट्रोलला चालणारी, सुती विणीची रबरी नळी मागवून लावली. पण ग्राहकाने बोट दाखवल्यावर हे व्हावे, याचा अर्थ ज्या ग्राहकाला माहीत नाही त्याच्या गाडीत ते होत नसावे.

दुसरी तक्रार क्लिपांची आहे. बहुतेक निपलांवर त्यांनी बारीक स्प्रिंग क्लिपा वापरल्या, आणि ते योग्यच आहे, कारण स्क्रूचे क्लॅम्प पातळ सिलिकॉन कापतात. बायपास व्हॉल्व्हच्या वरच्या निपलवर मात्र क्लिप लावायची राहून गेली. गाडी घेतल्यानंतर चौथ्या दिवशी धुळ्याकडे जाताना एरंडोलच्या पुढे ती नळी निसटली. आश्चर्य असे की गाडी बंद पडली नाही आणि अडखळलीही नाही. फक्त आयडल अठराशेवर जाऊन बसले. मूळ ईसीयू आणि एअरफ्लो सेन्सर असते तर न मोजलेली हवा आत येऊन मिश्रण पातळ झाले असते आणि इंजिन थरथरले असते. येथे उलट घडते: गळतीमुळे मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयूला ती हवा खरीच वाटते, तो तिच्या प्रमाणात पेट्रोलही देतो, आणि इंजिन आनंदाने जास्त वेगाने फिरत राहते. नव्या ईसीयूवर आलेल्या कोणालाही चढलेले आयडल दिसले तर त्याने मॅपला हात लावण्याआधी नळ्या पाहाव्यात. मी पारोळ्याला चहाच्या टपरीजवळ गाडी थांबवून नळी परत बसवली, प्लास्टिकच्या टायने आवळली आणि मागे फिरलो. गॅरेजने क्लिप विनामूल्य लावली आणि बाकीच्या सगळ्या जागा पुन्हा तपासल्या. परंतु त्यासाठी मला अर्धा दिवस बाकावर बसवले, ते टाळता आले असते.

गळती तपासण्याची त्यांची पद्धत साधी असली तरी सरस आहे. धूर सोडणारे यंत्र त्यांच्याकडे नाही. त्यांनी टर्बोच्या तोंडावर लेथवर बनवलेले झाकण बसवले, गॅरेजच्या हवेच्या कॉम्प्रेसरची हवा त्याच्या रेग्युलेटरमधून एक बारला बांधून आत सोडली आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी ब्रशने लावले. इंटरकूलरच्या एका जोडावर बुडबुडे आले, जे कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. हाताने चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाने वेस्टगेटचा, बायपास व्हॉल्व्हचा आणि रेग्युलेटरचा पडदाही वेगवेगळा तपासला. मात्र ही सगळी तपासणी थंड इंजिनावर झाली. तापलेल्या इंजिनावर ती पुन्हा झाली असती तर क्लिप नसलेली नळी तेथेच सापडली असती, असे माझे मत आहे.

काम संपल्यावर नानांनी बेअरिंगच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळ्या नळ्यांचा नकाशा काढून दिला: कोणती कोठून निघते, कोठे जाते, लांबी किती, रंग कोणता. मॅनिफोल्डच्या नळ्या निळ्या, कॉम्प्रेसरकडच्या काळ्या. अक्षर वाचताना डोळ्यांवर ताण येतो, तरी तो पुठ्ठा मी गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवला आहे. आठ महिन्यांत माझ्या हाती पडलेला हा पहिलाच लेखी दस्तऐवज होता. ज्याने ईसीयू बसवला त्याने पाच पानांचा मॅप दिला होता, नळ्यांवर एक ओळही नव्हती.

ट्यूनरने त्यानंतर मॅप चौथ्यांदा दुरुस्त केला, आणि तो जवळजवळ पहिल्या मॅपसारखाच निघाला. आयडल साडेआठशेवर स्थिर आहे, दुपारची अडखळ गेली आहे, बूस्ट ०.८ बारवर ठेवला की तेथेच थांबतो. उंचीवर काय होते ते पाहण्यासाठी मी शहाद्याहून तोरणमाळला जाऊन आलो. सातपुड्यातील ती चढण हजार मीटरच्या आसपास भरते, आणि वर हवेचा दाब जवळपास १० किलोपास्कलने उतरतो. माझा ईसीयू बाहेरचा दाब फक्त चावी फिरवताना, इंजिन सुरू होण्याआधी, याच मॅप सेन्सरवरून वाचतो. त्यामुळे न थांबता चढत गेल्यास वरच्या टप्प्यात मिश्रणाचा हिशेब थोडा चुकतो, आणि एकदा गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की तो जागेवर येतो. हा ईसीयूचा स्वभाव आहे, नळ्यांचा दोष नाही. जाताना मी घाटात दोनदा थांबलो, दोन्ही वेळा आकडा अपेक्षेप्रमाणे आला.

मजुरी साडेनऊ हजार रुपये झाली आणि सामान चार हजारांच्या आत बसले. दोन दिवस सांगून पाच दिवस लावले. बिल मागितल्यावर मिळाले, न मागता मिळाले नसते. ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२, म्हणजे वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा फेरफार करण्याविषयीची तरतूद, आधी वाचून घ्यावी. गॅरेज त्याविषयी स्वतःहून एक शब्दही काढत नाही, आणि ही जबाबदारी ते ग्राहकाचीच समजतात.

पाचपैकी चार तारे देतो. आता एक गोष्ट बाकी आहे. बूस्टच्या काट्याची नळी अजून ठिबकचीच आहे, कारण त्या दिवशी चार मिलिमीटरची सिलिकॉन संपली होती. नानांनी ती फायरवॉलच्या थंड बाजूने फिरवून तात्पुरती लावली आणि पुठ्ठ्यावर तिच्यापुढे फुली मारून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात चोपड्याला जाताना ती बदलून घेणार आहे.